फोनवरची ओपीडी: डॉक्टरांनो, सुरुवात कुठून कराल?

रात्री पावणेदहाला व्हॉट्सॲपवर फोटो येतो. लॅबचा रिपोर्ट, तिरका काढलेला, वरची नावाची ओळ कापलेली. खाली मजकूर: 'सर जरा बघा ना.' नंबर सेव्ह नाही, डीपीवर खंडोबा. आपण जेवता जेवता बघतो, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या तपासणीतला आकडा) बरं दिसतं, 'ठीक आहे, त्याच गोळ्या चालू ठेवा' असं टाइप करतो आणि ताटाकडे वळतो. तो माणूस कोण होता आणि 'त्याच' म्हणजे कुठल्या गोळ्या, हे सकाळी कोणी विचारलं तर आपल्याला सांगता येत नाही.

हे न केलेला जनरल प्रॅक्टिशनर मला अजून भेटायचाय. म्हणजे टेलिमेडिसिन आपल्याकडे चालूच आहे. बिनपैशाचं, बिननोंदीचं, आणि उद्या काही झालं तर आपल्या बाजूने एका ओळीचाही पुरावा नसलेलं. हा चालू कारभार रुळावर कसा आणायचा, तेवढंच इथे सांगतो. मी साताऱ्यात बसतो आणि माझे बरेच पेशंट कोयनेच्या पाण्यापलीकडचे. लाँचने बामणोलीला यायचं, तिथून गाडीने घाट उतरून साताऱ्याला, पाच मिनिटं बीपी दाखवायचं आणि परतीच्या लाँचसाठी धावायचं. त्यांच्यासाठी मी हे बसवलं. चुका केल्या, त्याही सांगतो.

आधी नियम वाचा, मग मोबाइल घ्या

२०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने कोकणातल्या एका डॉक्टर दांपत्याला अटकपूर्व जामीन नाकारला. डॉक्टर गावात नसताना पेशंटला दाखल करून फोनवरून औषधं सांगितली गेली होती आणि पेशंट दगावली होती. त्या निकालानंतर आमच्यातल्या कित्येकांनी फोनवर 'क्रोसिन घ्या' म्हणायचंही सोडलं. फोनवर सल्ला देणं मुळात कायदेशीर आहे का, याचंच उत्तर तेव्हा कोणाकडे नव्हतं.

ते उत्तर २५ मार्च २०२० ला आलं. देशभर लॉकडाऊन लागला त्याच दिवशी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर झाली आणि पुढे ती २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेला परिशिष्ट ५ म्हणून जोडली गेली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये डॉक्टरांचे नियम ठरवणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशनने नवी नियमावली काढली होती, पण त्याच महिन्यात ती स्थगित झाली. व्हॉट्सॲप ग्रुपवर अजूनही तिची पीडीएफ 'नवे नियम' म्हणून फिरते. तिच्यावर वेळ घालवू नका. परिशिष्ट ५ ची प्रिंट काढा आणि एका रविवारी बसून वाचून टाका. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी त्यांच्या परिषदांची वेगळी तत्त्वं आहेत, त्यांनी ती वाचावीत.

त्यातलं रोज लागणारं इतकं: तुमची नोंदणी चालू असेल तर देशातल्या कुठल्याही राज्यातल्या पेशंटला सल्ला देता येतो. व्हिडिओ, साधा फोन, मेसेज, सगळं चालतं. व्हॉट्सॲपही चालतं, महागडं सॉफ्टवेअर घ्यायची सक्ती नाही. पेशंटने स्वतः कॉल केला तर त्याची संमती गृहीत धरली जाते. तुम्ही, आरोग्य सेवकाने किंवा नातेवाइकाने सुरुवात केली असेल तर ती स्पष्ट घ्यावी लागते, आणि 'हो, मला फोनवर सल्ला हवा आहे' एवढा मेसेज किंवा आवाजातला निरोप त्याला पुरतो. अठराच्या खालच्या पेशंटसोबत मोठं माणूस हवंच, आणि ते माणूस कोण हे विचारून लिहायचं. पेशंट दवाखान्यात यायला तयार असताना 'फोनवरच बोला' असा आग्रह धरणं हे गैरवर्तन धरलं जातं. टेलिमेडिसिन करणाऱ्याने ठरावीक ऑनलाइन कोर्स करायचा अशीही अट त्यात आहे. नोंदणी चालू ठेवण्यासाठीचे क्रेडिट पॉइंट जमवताना तेही बघून ठेवा.

इन्शुरन्सचं एक काम याच आठवड्यात उरका. तुमच्या प्रोफेशनल इंडेम्निटी पॉलिसीत फोनवरचा सल्ला धरलाय का, हे एजंटला ईमेलवर विचारा. 'हो हो डॉक्टर, सगळं कव्हर आहे' हे तोंडी उत्तर घेऊ नका.

औषधांच्या याद्या पाठ करा

इथे सगळ्यात जास्त लोक घसरतात. तत्त्वांमध्ये औषधांच्या याद्या आहेत आणि कोणती यादी वापरायची हे दोन गोष्टींवर ठरतं: पेशंट नवा की जुना, आणि बोलणं व्हिडिओवर की नुसतं फोनवर.

'ओ' यादीत चिठ्ठीशिवाय मिळणारी औषधं: पॅरासिटामॉल, ओआरएस, खोकल्याच्या चघळायच्या गोळ्या वगैरे. ती कोणालाही, कशीही सांगा. 'ए' यादीतली औषधं पहिल्याच भेटीत द्यायची तर व्हिडिओ हवाच: खरजेचं लोशन, बुरशीचं मलम, डोळे आल्यावरचे थेंब, या जातीची. बीपी, साखर, दमा यांच्या चालू गोळ्या पुन्हा लिहून देणंही 'ए'मध्येच बसतं. 'बी' यादी फक्त फॉलो-अपसाठी, म्हणजे साखरेची मेटफॉर्मिन गोळी चालू असलेल्या पेशंटला त्याच आजारासाठी आणखी एक गोळी जोडायची असेल तर. शेड्यूल एक्समधली (कडक नियंत्रणातली) आणि एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखालची औषधं मात्र फोनवरून कधीच लिहायची नाहीत. झोपेच्या गोळीसाठी रडणारा जुना पेशंट असला तरी नाही. तो रडतोच, आणि आपल्याला वाईटही वाटतं. त्याला दवाखान्यात बोलवा.

आता फॉलो-अप म्हणजे काय, तर त्याच आजारासाठी तुम्ही त्या पेशंटला गेल्या सहा महिन्यांत समोर बसवून तपासलेलं असणं. सात महिन्यांपूर्वी पाहिलेला पेशंट नियमाच्या भाषेत नवा. दहा वर्षं ओळखत असलात तरी नवा. आणि नव्या पेशंटला नुसत्या फोनवर अँटिबायोटिक लिहायचं नाही. मागच्या पावसाळ्यात घसा दुखला तेव्हा दिलं होतं 'तेच पाचशेचं' हवं असतं लोकांना, मेडिकलवाला देतोही. तरी आपण लिहायचं नाही.

सामान

यावर फार खर्च करू नका. मी सुरुवातीला रिंग लाइट घेतला, आता तो मुलीकडे आहे.

वेगळा फोन आणि वेगळा नंबर मात्र हवाच. त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका, आपोआप नाहीसे होणारे मेसेज बंद ठेवा आणि फोटोंचा क्लाउड बॅकअप पहिल्याच दिवशी बंद करा. मी तो बंद केला नव्हता. दिवाळीत घरच्या टीव्हीवर फोटोंचा स्लाइड शो चालू होता. किल्ला, फराळ, भाऊबीज, आणि एकदम एका पेशंटची मांडीवरची नायट्याची चकती. पाहुण्यांना वाटलं शंकरपाळी जळली. मी हसलो नाही, कारण पेशंटची गुप्तता म्हणतात ती हीच, आणि ती फोडली होती मी. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे तो आहेच, पण त्या दिवशी मला कायदा आठवला नाही, त्या बाईंचा चेहरा आठवला.

बाकी ट्रायपॉड, माइक असलेला हेडफोन, ब्रॉडबँडला इन्व्हर्टर, आणि ब्रॉडबँड गेलं तर दुसऱ्या कंपनीचं सिम. खिडकी पाठीमागे ठेवून बसू नका, पेशंटला तुमची नुसती सावली दिसते. स्पीकरवर कधीच बोलू नका. बाहेरच्या बाकावर बसलेल्या चौघांना आत कोणाची पाळी चुकली ते कळतं.

पेशंटकडे काय असावं? बीपी, साखरेच्या पेशंटला मी तीन वस्तू घ्यायला सांगतो: दंडाला बांधायचं बीपी मशीन (मनगटाचं नको), ग्लुकोमीटर, ताप मोजायचं थर्मामीटर. मशीन घेतल्यावर ते एकदा दवाखान्यात आणायला लावतो आणि माझ्या मशीनशी ताडून बघतो. आकडा तोंडी घेत नाही, पडद्याचा फोटो मागवतो. एका काकांनी पंधरा दिवस 'एकशे तीस' सांगितलं. फोटो मागितल्यावर कळलं, ते साखरेचा आकडा बीपीच्या रकान्यात लिहीत होते.

माणूस तयार करा

फोनवरची ओपीडी डॉक्टरच्या आधी असिस्टंट चालवतो. माझ्याकडच्या ताई आदल्या दिवशी पेशंटला फोन करतात: नाव, वय, गाव, सोबत कोण असणार, गोळ्यांची पाकिटं जवळ घेऊन बसा, अंगात सैल बाह्यांचा कपडा घाला. पाकिटांचा मुद्दा महत्त्वाचा. 'सकाळची पांढरी आणि रात्रीची अर्धी गुलाबी' यावर उपचार करता येत नाहीत; पाकिटाची मागची बाजू कॅमेऱ्यासमोर धरायला लावायची.

त्याच फोनमध्ये ताई चाळणी लावतात. छातीत दुखणं, दम, तोंड वाकडं होणं किंवा हातपाय अचानक लुळा पडणं, पोटात सहन न होणारी कळ, गरोदर बाईला बाळाची हालचाल कमी वाटणं, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप, साप किंवा विंचू. यातलं काहीही असलं की कॉलची वेळ द्यायची नाही, १०८ ला फोन करायला सांगायचं आणि मला लगेच हाक मारायची. ही यादी फोनशेजारी भिंतीवर मराठीत, मोठ्या अक्षरात लावलेली आहे. नवी मुलगी कामावर आली की आधी ती वाचते.

कॉल कसा चालतो

पहिलं वाक्य माझं: 'मी डॉक्टर अमुक, माझा नोंदणी क्रमांक हा.' सुरुवातीला हे नाटकी वाटायचं. पण कॉल करणाऱ्याला आपण कोणाशी बोलतोय ते कळायलाच हवं. मग पेशंटचं नाव, वय त्याच्या तोंडून. मग सोबत कोण आहे. सुनेसमोर सासू लघवीचा त्रास सांगत नाही, हे लक्षात ठेवा. दोन मिनिटं 'ताई, तेवढं पाणी आणता का आजींना' म्हणून सुनेला बाहेर पाठवायची सवय लावून घ्या.

हात लावता येत नाही, तेव्हा दुसऱ्याचे हात वापरायचे. मागे एक आजी होत्या, हृदयाच्या गोळ्यांवरच्या. कॉल नेहमीचाच होता.

'आजी, दम लागतोय का?'

'न्हाय वो डाक्टर, बरी हाय मी.'

'बरं, मला एका दमात वीसपर्यंत मोजून दाखवा.'

आठला थांबल्या, श्वास घेतला, तेराला पुन्हा थांबल्या. नातवाला म्हटलं, कॅमेरा आजीच्या नडगीवर धर, अंगठ्याने पाच सेकंद दाब आणि सोड. खड्डा तसाच राहिला. रात्री किती उशा घेता, असं विचारलं तर म्हणाल्या, भिंतीला टेकून झोपते, बरं वाटतं. त्या दुपारीच त्यांना साताऱ्याला आणलं. 'बरी हाय' वर मी फोन ठेवला असता तर काय झालं असतं, ते तुम्हाला कळतंच.

अशा युक्त्या जमवत जायच्या. पुरळाचा फोटो दिवसाउजेडी, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, एक लांबून आणि एक जवळून. लहान मुलाचा श्वास मोजायचा तर अंगातलं वर करून पोट पूर्ण एक मिनिट कॅमेऱ्यात. रक्त कमी वाटतंय तर खालची पापणी खाली ओढायला लावायची. पण ट्यूबलाइटखाली सगळेच पांढरे दिसतात, तेव्हा अंगणात नेऊन. पोट तपासायचं मात्र व्हिडिओवर जमत नाही, जमतं असं कोणी सांगितलं तरी विश्वास ठेवू नका. आणि मधेच शंका आली तर कॉल थांबवून प्रत्यक्ष बोलावण्याचा अधिकार तुम्हाला नियमानेच आहे, तो वापरताना संकोच नको. कॉल मी रेकॉर्ड करत नाही. पेशंट बोलायचा थांबतो.

चिठ्ठी, वही, पैसे

चिठ्ठी लेटरहेडवरच: नाव, पदवी, पत्ता, नोंदणी क्रमांक, तारीख, पेशंटचं नाव, वय, लिंग, तक्रार, निदान किंवा संभाव्य निदान, औषधांची जेनेरिक नावं मोठ्या इंग्रजी अक्षरांत, सही, शिक्का. तिचा स्वच्छ फोटो किंवा पीडीएफ पेशंटला पाठवायची. थेट मेडिकलला पाठवायची असेल तर पेशंटला विचारून, आणि दुकान त्याच्या पसंतीचं. 'आमच्याच शेजारच्या मेडिकलमधून घ्या' हे इथेही चालत नाही. चॅटमध्ये 'टॅब अमुक १-०-१' असं टाइप करणं ही चिठ्ठी नव्हे.

वहीचं म्हणाल तर मी खरंच वही ठेवतो, दोनशे पानी, रकाने आखलेली: तारीख, वेळ, व्हिडिओ की फोन, संमती कशी मिळाली, सोबत कोण, काय ठरलं, पुढे कधी. आकड्यांचे आणि रिपोर्टचे फोटो संगणकावर पेशंटच्या नावाच्या फोल्डरमध्ये, पासवर्ड लावून. वैद्यकीय नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायच्या आणि पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या, हा जुनाच नियम. फोनवरच्या सल्ल्यालाही तो लागू धरा. हळूहळू सॉफ्टवेअर घ्यायचं असेल तर ते आयुष्मान भारत डिजिटल मिशनशी जोडलेलं आहे का आणि पेशंटचा १४ अंकी आभा क्रमांक (त्याच्या डिजिटल आरोग्य खात्याचा) घेतं का, एवढं विचारा. पहिल्या महिन्यात वही पुरते.

पैशाचा विषय आपल्याला काढवत नाही. 'फोनवर बोलायचे पैसे?' हा प्रश्न आला की आपलाच आवाज पडतो. नियम फोनवरच्या सल्ल्याला प्रत्यक्ष तपासणीसारखंच मानतात: फी घेता येते आणि पावती द्यावी लागते. मी दवाखान्यातलीच फी ठेवली, ती कॉलच्या आधी यूपीआयने येते आणि त्याच तक्रारीसाठी पुढचे पाच दिवस विचारणं फुकट. पैसे मागायचं काम ताईंकडे. पहिल्या महिन्यात कुरकुर झाली. मग बामणोलीच्या बाजूच्या एका पेशंटनेच बाकावर बसून दुसऱ्याला हिशेब सांगितला: लाँच, गाडी, चहा, बुडालेली मजुरी. त्यानंतर मला काही समजवावं लागलं नाही. फलकावर मात्र 'घरबसल्या उपचार' असली जाहिरात करू नका. आचारसंहितेला ती चालत नाही.

मुलगा पुण्यात, आई गावी, मुलगी न्यू जर्सीत

पुण्यातला मुलगा आईविषयी बोलतो, आई कॉलवर नाही, हा प्रकार रोजचा. त्या मुलाला बोलायचा अधिकार आहे याची खात्री हवी: आईचा मेसेज, सहीचं पत्र किंवा नात्याचा पुरावा. मी बहुतेक वेळा तीन जणांचा कॉल लावतो, म्हणजे प्रश्नच मिटतो. ज्यांच्याकडे स्मार्टफोनच नाही त्यांना उपकेंद्रात पाठवतो. तिथून ई-संजीवनीवर सरकारी डॉक्टरशी फुकट बोलता येतं, त्यात आपली फी बुडते ती बुडू द्या.

परदेशाचं वेगळं. मुलीच्या बाळंतपणाला सहा महिने अमेरिकेत गेलेल्या आईचा पहाटे फोन येतो: 'डॉक्टर, थायरॉइडच्या गोळ्या संपल्या.' आपली मार्गदर्शक तत्त्वं देशाबाहेरच्या सल्ल्याला लागू नाहीत, म्हणजे तिथे तुम्हाला त्यांचं संरक्षणही नाही. व्हिसा आल्याचे पेढे पेशंटने आणले की तेव्हाच बसवून तपासा, टाइप केलेलं प्रिस्क्रिप्शन आणि गोळ्यांचा पुरेसा साठा द्या.

पहिले दहा पेशंट

पहिल्याच दिवशी सगळ्यांना दार उघडू नका. बीपीचे, साखरेचे, थायरॉइडचे, मागच्या दोन-तीन महिन्यांत तपासलेले असे दहा निवडा. आठवड्यातली एक ठरावीक वेळ ठेवा. माझी बुधवारी दुपारी तीन ते पाच. त्या वेळात दवाखान्यात दुसरा पेशंट घेत नाही. रात्रीच्या फोटोंना आता आपोआप उत्तर जातं: 'हा नंबर तातडीच्या उपचारासाठी नाही. त्रास जास्त असल्यास १०८. सल्ल्यासाठी सकाळी नऊनंतर ताईंकडून वेळ घ्या.' पहिले काही दिवस लोक चिडले. खंडोबाची डीपीवाल्याने मात्र वेळ घेतली. नाव कळलं, वय कळलं, आणि क्रिएटिनिनचा तो रिपोर्ट त्याचा नव्हता, मेहुण्याचा होता हेही कळलं.

पाण्यापलीकडच्या गावांत पावसाळ्यात वीज जाते, तिच्यामागे रेंज जाते. लोक टेकाडावर छत्री धरून बोलतात आणि वाऱ्याच्या आवाजात गोळीचं नाव ऐकू येत नाही. म्हणून मृगाच्या आधी मी त्या सगळ्यांना एकदा दवाखान्यात बोलावतो, वजन, बीपी, पायांची तपासणी, रक्त असं सगळं करून घेतो. तिथून सहा महिने मोजले की मुदत डिसेंबरच्या सुरुवातीला संपते. दिवाळी झाली की ताई पुन्हा वही काढतात आणि तारखा द्यायला लागतात.